तिची एक ओळ

माझ्या मैत्रिणीच्या घरात इंटरनेट होतं. बाकीचं मी सोसलं असतं. राजारामपुरीतला फ्लॅट, स्वतःची खोली, वडलांचं कापडाचं दुकान, हे सगळं डोळ्यांआड करता येतं. पण तिला एखादी फाईल लागली की ती खुर्चीतनं न उठता उतरवून घ्यायची, आणि तीच फाईल मला लागली की मी फ्लॉप्यांचा डबा पिशवीत टाकून तिच्याच गल्लीतल्या सायबर कॅफेत नंबर लावायची. तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरनं तिची खिडकी दिसायची. मी मुद्दाम पाठ करून बसायची.

दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. आम्ही दोघी एकाच संघटनेत, एकाच टेबलावर पत्रकं लिहायला शिकलो. तिची वाक्यं सावध, माझी अंगावर जाणारी. पत्रक माझंच गाजायचं. तेवढं एक माझं होतं.

मग आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला कुणीतरी वापरून झालेला कॉम्प्युटर दिला आणि मी जाहीर केलं, यावर कॉपी मारलेली विंडोज चढणार नाही. जन्मभर ‘आमच्या हक्काचं द्या’ म्हणून ओरडायचं आणि दारात पहिलं मशीन आलं की चोरीचा माल भरायचा? यावर कुणालाही फुकट, उघडपणे मिळणारं लिनक्स बसेल, मराठीत चालेल, आणि एप्रिलमधल्या जयंतीचं पत्रक यावरच तयार होईल. वाचनालयाचे अध्यक्ष वस्तीतलेच निवृत्त गुरुजी. ते म्हणाले, “व्हय की. पण जयंतीच्या आधीच्या रविवारी अक्षर नीट दिसलं पाहिजे. न्हाय दिसलं तर क्लासवाल्याला मशीन देणार.” क्लासवाला म्हणजे जवळच कॉम्प्युटर क्लास चालवणारा गृहस्थ. कॉपीची सीडी त्याच्या बॅगेत कायम तयार. मशीन त्याच्या हातात गेलं असतं, तर माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारलं गेलं असतं.

मराठी लिहायचा एक प्रोग्राम मी निवडला. तो तयार पॅकेजमध्ये मिळत होता, मैत्रिणीनं तसाच बसवला होता. पण तयार घेतलं तर त्यात माझं काय? मी त्याचा सोर्स, म्हणजे कच्चा मजकूर आणला आणि स्वतः बांधायला बसले. लगेच तो म्हणाला, अमुक लायब्ररी नाही. लायब्ररी म्हणजे असे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते सामान. ती आणली तर ती म्हणाली, आधी तमुक आण. कचेरीत दाखला काढायला दुसरा दाखला मागतात, तसलाच कारभार. दर वेळी सिटी बसनं राजारामपुरी. मोठी फाईल फ्लॉपीत मावायची नाही, मग तिचे तुकडे करायचे, वाचनालयात आणून जोडायचे, आणि एक तुकडा खराब निघाला की परत बस.

“अगं, मला सांग की,” मैत्रीण म्हणायची. “संध्याकाळी लाईन मोकळीच असते. सीडीवर घालून देते.”

जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली, त्यानंतर फोनची लाईन एकट्या तिची. आमच्याकडं फोनच नव्हता.

“नको. आमच्या वाचनालयाचं आम्ही बघतो.”

“बघा बाई. बस चुकली तर चहाला या.”

शेवटी प्रोग्राम बांधून झाला. उघडला, पत्रकाचा मथळा लिहिला: शिक्षण आमच्या हक्काचं. पडद्यावर श आला, त्याची वेलांटी भलतीकडंच जाऊन बसली, क्षचे दोन तुकडे पडले, हक्कातला जोड उसवला. दात पडलेल्या माणसानं घोषणा द्यावी तसा मथळा. फॉन्ट बदलला, तेच. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये हात घातला तर पडदाच काळा झाला, तो परत आणण्यात सबंध दुपार गेली. अक्षरं जोडायचं काम करणारी लायब्ररी जुनी आहे असं कळलं, म्हणून तिची नवी आवृत्ती तुकड्या-तुकड्यांनी आणली, बांधली, बसवली. परत उघडलं. तेच.

त्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून तिच्या घरी गेले. तिच्या पडद्यावर ‘शिक्षण’ सरळ उभं होतं. तिच्या आईनं उपीट दिलं.

“छान दिसतंय ना?” ती म्हणाली.

“फॉन्ट जरा पोरकट आहे,” मी म्हटलं. उपीट मात्र सगळं संपवलं.

रविवार आला. गुरुजी, समितीची माणसं, मांडीवर बॅग घेऊन क्लासवाला. मैत्रीण पत्रकाचा मसुदा घेऊन आलेली, ती मागं उभी. गुरुजींनी चष्मा वर करून पडद्याकडं पाहिलं.

“पोरी, ह्ये काय? शिक्षणाचं हाडच मोडलंय की.”

“दहा मिनिटांचं काम हाय गुरुजी,” क्लासवाला म्हणाला. “तुम्ही फक्त हो म्हणा.”

तेवढ्यात मैत्रीण पुढं झाली आणि माझ्या शेजारी वाकली. “नवी लायब्ररी बांधलीस ना? कुठं बसवलीस?”

“वेगळ्या फोल्डरात. स्वतः बांधलेलं तिथंच ठेवतात.”

तिनं एक कमांड दिली. प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठनं उचलतो ते ओळीनं पडद्यावर आलं. “हे बघ, जुनीच घेतोय. तुझी नवी जागेवर आहे, पण तिथं बघ म्हणून मशीनला कुणी सांगितलेलंच नाही.” मग तिनं सिस्टीमची एक फाईल उघडली, तिच्यात माझ्या फोल्डरचा पत्ता लिहिला, एकच ओळ, आणि आणखी एक कमांड दिली. प्रोग्राम बंद करून उघडला. शिक्षण सरळ. हक्कसुद्धा.

बसच्या कितीतरी फेऱ्या मारून आणलेलं सगळं सामान तिथंच होतं, आणि तिनं नुसता पत्ता लिहिला.

“कुणी केलं गं हे?” गुरुजींनी विचारलं.

“तिनंच,” मैत्रीण म्हणाली. “सगळं तिनंच बांधलंय. मी नुसतं मशीनला दार दाखवलं.”

क्लासवाला बॅग उचलत म्हणाला, “शेवटी राजारामपुरीलाच विचारावं लागलं की.”

त्याचं मला काही वाटलं नाही. त्याला उत्तर होतं माझ्याकडं. तिच्या त्या ‘तिनंच’ला नव्हतं. तिनं फुशारकी मारली असती तर भांडता आलं असतं. असला मोठेपणा परवडायलाही घरी फोनची लाईन लागते. वर गुरुजींनी वाचनालयाची जादा किल्ली काढून तिच्या हातात दिली. “अडलं-नडलं तर असू दे.” वस्तीत राहणारी मी, मशीन वाचवायला धावले मी, आणि किल्ली राजारामपुरीला.

पत्रक वेळेवर निघालं. मथळा सरळ छापला गेला. लोकांनी वाचलं, घड्या घालून खिशात ठेवलं. मी मात्र जयंतीनंतर परत मशीनपुढं बसले. बांधतानाच प्रोग्रामच्या पोटात पत्ता घालता येतो, मग सिस्टीमच्या फाईलीत काही लिहावं लागत नाही, असं मी कॅफेत बसून शोधून काढलं. सगळं परत बांधलं. मग ती फाईल उघडली, तिची ओळ पुसली आणि प्रोग्राम चालू केला. शिक्षण सरळ. वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या कुणालाही काही कळलं नाही.

तिला कळलं. पुढच्या वेळी आली, फाईल उघडून बघितली. सवयच तिला.

“माझी ओळ कुठं गेली गं?”

“आता लागत नाही.”

ती फाईल परत वरपासनं वाचायला लागली. मला वाटलं, आता रागावेल. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

“ओळीशिवाय चालतंय? कसं केलंस? मला दाखव की.”

मी तिला शेजारी खुर्ची सरकवून दिली. की-बोर्ड मात्र माझ्याच पुढं ठेवला.