बाबांनी उडवलेलं रॉकेट

माझं पहिलं रॉकेट आठ महिने सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी नुसतं उभं होतं. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, टोकाला प्लास्टिकचं नाक आणि पोटात घडी करून ठेवलेलं नारिंगी पॅराशूट. सगळं तयार होतं, फक्त मोटर नव्हती. सकाळी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला निघण्याआधी मी कॉफीचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहायचे. मागे ढग सरकत असायचे, पण बघता बघता ढग थांबलेत आणि रॉकेटच वर चाललंय असं वाटू लागायचं. कॉफी गार होऊन जायची.

हा नाद लावला आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. सत्तरीचे चिनी गृहस्थ, शाळेत तांत्रिक विषय शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणायचे. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांशेजारी बसून ते पॉलिशपेपरने रॉकेटचे पंख घासत. एकदा मी सहज विचारलं, त्यांनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला, आणि मी त्यात अडकले ती अडकलेच.

ही मोटर म्हणजे फिरणारं यंत्र नव्हे. बोटाएवढी लांब, जाड पुठ्ठ्याची नळी. खाली चिकणमातीचं बारीक तोंड, त्यावर ठासून बसवलेली काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा, फटाक्यांत असते तीच. ती जळते तेव्हा रॉकेट वर जातं. मग काही सेकंद नुसता धूर सोडणारा थर, आणि शेवटी एक छोटासा बार, जो नाक उडवून पॅराशूट बाहेर ढकलतो. अमेरिकेतल्या दुकानांच्या साइटवर या मोटरी खेळण्यांच्या रांगेत मांडलेल्या दिसायच्या. मी सिंगापूरचा पत्ता टाकला की साइट नम्रपणे नाही म्हणायची. इथे ती स्फोटकं. पोस्टाने मागवता येत नाहीत, विमानातून आणता येत नाहीत. अंकलच्या रॉकेट उडवणाऱ्या गटाने परवाना असलेल्या एका व्यापाऱ्याकडे त्या मागवल्या होत्या आणि उडवायच्या परवानगीचा अर्ज वेगळा केला होता. मोटरी जहाजाने येणार, गोदामातच राहणार आणि ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या मैदानावर प्रत्येकाच्या हातात एक पडणार. कधी, असं विचारलं की अंकल हसून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणायचे, ‘वेट लाह.’ थांब की जरा.

त्याच सुमारास बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांनी छत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, तीही काळी दारू बनवणाऱ्या विभागात. घरी त्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. आमच्याकडे दिवाळीत फुलबाजीसुद्धा पेटत नसे, आणि का म्हणून विचारलं की आई विषय बदलायची. त्यामुळे बाबांनी खिडकीतलं रॉकेट उचलून, यात काय घालतात, असं विचारलं तेव्हा मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी रॉकेट होतं तिथे ठेवलं आणि दिवसभर खिडकीकडे फिरकले नाहीत. हे सगळं सोडून द्यावं का, असा विचार माझ्या मनात येऊ लागला. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, ‘ठासलेली असते की सुटी?’

दुसऱ्या दिवसापासून ते अंकलच्या शेजारी कॉरिडॉरमध्ये बसू लागले. दोघांचं इंग्रजी वेगवेगळ्या गावचं, पण पॉलिशपेपर एकच.

परवानगी आली ती बाबा परत जायच्या आधीच्या आठवड्यात. बेटाच्या उत्तर टोकाला, खाडीजवळचं मैदान. गवत ओलं होतं, आणि पलीकडचा मलेशियाचा किनारा धुक्यात अर्धा पुसल्यासारखा दिसत होता. परवानावाल्या माणसाने सही घेऊन माझ्या हातावर मोटर ठेवली. किती हलकी होती ती! मी कडेच्या सिमेंटच्या फरशीवर मांडलेल्या घडीच्या टेबलावर रॉकेट आडवं ठेवून पॅराशूटखाली न जळणारा कागद भरत होते. लक्ष सगळं आकाशात. कोपर लागलं, मोटर घरंगळली आणि खालच्या सिमेंटवर पडली.

मी उचलून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. पुसून नळीत बसवायला गेले, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

‘ही लावायची नाही.’

‘बाबा, काही झालेलं नाही तिला.’

‘बाहेरून दिसत नाही. ठासलेल्या दारूला आत तडा गेला असेल, तर आग त्या तड्यात शिरते. मग ती ढकलत नाही, फुटते.’

त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरातला नव्हताच तो. अंकलना मी इंग्रजीतून समजावलं. त्यांनी बाबांकडे क्षणभर पाहिलं, माझ्या हातातून मोटर घेतली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. बुडबुडे आले, मग पुठ्ठा हळूहळू फुगला आणि पाणी काळं होत गेलं. चाळिशी उलटलेली बाई मी, पण भर मैदानात डोळ्यांत पाणी आलं.

अंकल आपल्या पेटीकडे गेले आणि स्वतःची मोटर घेऊन आले. त्यांचं रॉकेट पूर्वी उडालेलं आहे, माझं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. अट एकच होती. रॉकेट पेटवायचं बटण बाबांनी दाबायचं.

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ‘नको गं,’ ते हळूच म्हणाले. ‘छत्तीस वर्षं ती पेटू नये एवढंच पाहिलंय मी.’

मी जाऊन रॉकेट मैदानात रोवलेल्या सळईवर चढवलं, वायरी जोडल्या आणि परत आले, तर बाबा खुर्चीत बसले होते आणि बटणाची पेटी त्यांच्या मांडीवर होती. अंकलनी उलटे आकडे मोजले. बाबांनी दाबलं.

फुस्स असा एक लांब आवाज, आणि सळई रिकामी. वर पाहिलं तर आकाशात पांढरी रेघ ओढली जात होती. ती संपली, आणि त्यानंतरची चार-पाच सेकंदं इतकी निवांत होती की मला ती एखाद्या दुपारएवढी आठवतात. मग टप्प असा लहानसा आवाज आला आणि नारिंगी ठिपका उघडला. खाली धूर आमच्यापर्यंत पोचला होता. बाबांनी डोळे मिटून श्वास घेतला. रॉकेट वाऱ्यावर तरंगत गेलं आणि मैदानाच्या कडेच्या उंच झाडात अडकलं. काढता येण्यासारखं नव्हतं. कोणालाच वाईट वाटलं नाही.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, अंकल कॉफी आणायला रांगेत गेले, तेव्हा बाबा आपणहून बोलू लागले. त्यांच्या बुटांना लोखंडी खिळा चालत नसे. आत जाण्याआधी पितळी पत्र्यावर हात टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. आणि एकदा एक शेड स्फोटात गेली. आत त्यांचा मित्र होता, ज्याच्यासोबत ते रोज सायकलवर जात. ठिणगी कशाने पडली ते कधीच कळलं नाही. त्या वर्षी आईने आणलेले फटाके तिने स्वतःच पाण्यात बुडवले. ‘तू तेव्हा पाळण्यात होतीस,’ बाबा म्हणाले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. अंकल ट्रे घेऊन आले आणि आम्ही तिघांनी गोड कॉफी प्यायली.

अंकलना गटाबरोबर सामान परत करायला थांबायचं होतं, म्हणून आम्ही दोघंच MRT ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. बाबांना उन्हाच्या बाजूची जागा मिळाली. डोकं माझ्या खांद्यावर टेकवून ते गाढ झोपले. आमचं यिशुन आलं, दारं उघडली, मिटली. मी त्यांना उठवलं नाही. गाडी बोगद्यात शिरली, शहराच्या पोटातून गेली, डबा हळूहळू रिकामा झाला, आणि आम्ही पार दक्षिणेच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो.