माशांच्या पोटातला गहू

अंबिका दिवसभर माशांची पोटं फाडायची आणि घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत हे असलं चालतं. पूर्वज पुजारी म्हणून आले, पुढची पिढी कारकून झाली, आणि अंबिका एका संशोधन संस्थेत कंत्राटी सहायक. बेतवेतले रोहू काय खातात, त्यांच्या आतड्यात कोणते जंतू राहतात, हे तिथे डीएनएवरून शोधत होते. आतड्यातला लगदा काढायचा, त्यातला डीएनए वेगळा करून वाचायला पाठवायचा; मग माशाने शेवाळ खाल्लं की किडे, सगळं यादीत उतरतं.

मेलेला मासा ती बिनदिक्कत कापायची. जिवंत, तडफडणारा मात्र तिला बघवत नसे. म्हणून बेतवेकाठी एरच गावच्या घाटावर संस्थेसाठी रामसेवक भैया मासे धरायचे तेव्हा ही बया नदीकडे पाठ करून उभी राहायची. फॉर्ममध्ये ‘पकडण्याची पद्धत’ असा रकाना होता. चाळीसच्या चाळीस माशांपुढे तिने ‘जाळं’ लिहून टाकलं. विचारलं कुणालाच नाही.

यादी आली आणि प्रत्येक पोटात गहू निघाला. प्रकल्पाचे प्रमुख विद्याधर सर खूश. घाटावर लोक कणीक टाकतात, त्यामुळे मासे आपलं खाणं विसरून आजारी पडताहेत, असा अहवाल त्यांनी मत्स्य खात्याला धाडून दिला. अंबिकाला एक गोष्ट खटकली होती. नेहमी कणीक खाणाऱ्या माशाच्या आतड्यातले जंतू बदलायला हवेत. इथे तर ते शेवाळ खाणाऱ्या धडधाकट माशाचेच होते. तिने तसं म्हटलंही. सर म्हणाले, “पुढच्या टप्प्यात बघू.” पुढच्या वर्षीची नेमणूक सरांच्या हातात, म्हणून ती गप्प बसली. महिन्याभरात घाटावर पाटी लागली: मछलियों को आटा डालना मना है।

आता त्या घाटावर नेमाने कणीक टाकणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्याच घरात राहत होता. गजाननराव, तिचे अप्पा, रेल्वेतले निवृत्त हेडक्लार्क. आईच्या अस्थी एरचला सोडल्या, तेव्हापासून चार वर्षं दर गुरुवारी ते कणकेच्या गोळ्या वळून बसने तिथे जायचे. मासे वर आले की त्यांना वाटायचं, हिच्यापर्यंत पोचलं.

पाटी लागली त्या गुरुवारी ते भरलेला डबा घेऊनच परतले.

“चौकीदाराला म्हटलं, भैया, चार साल से डाल रहा हूँ. तर म्हणतो, मछलियाँ बीमार पड़ती हैं, साइंस वालों ने जाँचा है. अंबू, मी आजारी पाडलं का गं त्यांना?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. अप्पांचं जेवण निम्म्यावर आलं. पाचव्या दिवशी ती एरचला गेली आणि रामसेवकला विचारलं, “भैया, जाल किस तरफ़ डालते थे?”

तो हसला. “जाल कहाँ, बिन्ना! पथरन में फट जात तो। काँटे में आटे की गोली लगा के पकरत ते। और वे गुरुवार वाले बाबूजी ने तौ ऐसी आदत डार दई कै गोली देखतई मुँह खोल देतीं। दूसरे घाट पै घंटा भर लगत, इतै दस मिनट।”

म्हणजे गहू त्याच सकाळच्या गळाचा! अप्पांच्या आठवड्याच्या गोळ्यांनी माशांचं काहीच बिघडलं नव्हतं. ती इतकी हरखली, की रामसेवकचं पुढचं बोलणं तिच्या डोक्यात शिरलं ते परतीच्या बसमध्ये. गोळी दिसली की तोंड उघडायची सवय माशांना अप्पांनीच लावली होती.

तरी तिने स्वतःची चूक लिहून सरांना दिली. सर संतापले, पण अहवाल मागे घ्यावाच लागला. पंधरवड्यात पाटी निघाली, आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीत अंबिकाचं नाव नव्हतं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण अप्पांचा गुरुवार तर परत मिळाला.

“अप्पा, गहू गळाला लावलेला होता. तुमच्यामुळे कुणी आजारी पडलं नाही.”

ती एवढंच बोलली. अप्पा तिच्याकडे वळले.

“गळाला कणकेची गोळी? माझ्याच घाटावर?”

“हो.”

“पटकन यायचे का गं, गोळीला?”

नाही म्हणून सांगणं किती सोपं होतं. पण गप्प बसून काय होतं ते ती एकदा बघून चुकली होती.

“हो, अप्पा. तिथेच सगळ्यात पटकन.”

“म्हणजे तुझ्या आईच्या नावाने मी त्यांना मरायला शिकवलं.”

गुरुवारी अंबिकाने स्वतः कणीक मळली, गोळ्या वळायला ताट पुढे ठेवलं. बस साडेसातची होती. अप्पांनी ताट हळूच तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “पोळ्या कर.”