कुहीच्या दुकानातली लग्नाची हळद

कुहीतलं एक चांगलं चालतं दुकान मी फोटो काढून मारलं. हातात ना काठी ना दगड. नुसता मोबाइल, आणि अक्कल नागपुरात, प्रताप नगरातल्या घरी फ्रिजवर ठेवलेली.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बासष्टची. नोकरीतून मोकळी झाले होते, गुडघे अजून ऐकत होते आणि नातीनं फोनवर फोटो टाकायला शिकवलं होतं. एवढ्या भांडवलावर बाईंना वाटू लागलं की आपण इतिहास वाचवतो आहोत. गावोगावची जुनी किराणा दुकानं संपत चालली, त्यांची नोंद कोणीतरी ठेवायला हवी, असं मी भाजीवाल्यालाही ऐकवत असे. तो म्हणायचा, "ठेवा ना आई, पण मेथी घेता काय?"

दर आठवड्याला एसटीनं कुठंतरी जायचं. बऱ्याच ठिकाणी कुलूपच दिसे. एका दुकानात मोबाइल दुरुस्ती सुरू झालेली, एकात खताची पोती. म्हणून कुहीचं दुकान उघडं सापडलं तेव्हा मी हावरटासारखी झाले.

ते एका बाईचं होतं, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. नवरा धानाची शेती बघे, दुकान हिचं. मी येणार असा निरोप आधीच दिला होता, त्यामुळे तिनं फळ्या पुसलेल्या, ठेवणीतली साडी नेसलेली, आणि दर्शनी बाजूला शाम्पूच्या न् चिप्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या. ते बघून माझं तोंड उतरलं. मला तर पत्र्याचे डबे हवे होते, जुना तराजू हवा होता.

"हे जरा काढता काय?" मी म्हटलं.

"ताई, हाच तं माल खपते."

"फोटोपुरतं वं."

नागपूरहून आलेली पाहुणी. तिनं बिचारीनं माळा उतरवल्या, बिस्किटांचे पुडे आत नेले, इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोतं टाकलं. ट्यूबलाइट मी स्वतः बंद केली. साडीसुद्धा बदलायला लावली मी तिला, विटकी नेसायला. इतकं सगळं झाल्यावर फळ्या अशा ओक्याबोक्या दिसायला लागल्या की मी खूश झाले. हो, खूश. लिहिताना आता कान गरम होतात.

ही आवराआवर चालू असताना ती आपल्या दुकानाचं सांगत होती. आसपासच्या खेड्यांत कुणाचंही लग्न ठरलं की किराण्याची यादी आधी तिच्याकडे येई. यादीत पहिलं नाव हळदीचं. ती हळद तिनं स्वतःच्या हातानं पुडीत बांधून द्यायची. तिच्या सासूच्या हाताला यश होतं, तेच हिच्याकडे आलं, असं लोक मानत. आणि एकदा हळद तिथून घेतली की मागोमाग तांदूळ, तेल, डाळी, साखर, सगळंच तिथून. लग्नसराईवर त्यांचं वर्ष निघे.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली. आणि घरी येऊन फोटोवर, गावाच्या नावासकट, काय लिहिलं? "शेवटच्या घटका मोजणारं दुकान."

का, तर वाक्य छान वाटलं.

आमच्या ह्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बंद होऊन राहिलं काय ते?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." लोकांनी रडके चेहरे पाठवले. एकीनं लिहिलं, तुमची लेखणी काळजाला हात घालते. ते मी शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं.

लग्नसराई संपल्यावर तो फोटो फ्रेम करून मी पुन्हा कुहीला गेले, भेट द्यायला. फळ्या अगदी माझ्या फोटोतल्यासारख्या होत्या. फक्त या वेळी मी काहीच काढायला लावलं नव्हतं. बाईनं हसून बसायला पाट दिला, चहा मागवला. तिची नवी सून गल्ल्याशी बसून तुरीच्या डाळीची पुडी बांधत होती.

एवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली न् दारातच थबकली.

"अवं, चालू हाय का तुमचं? आमी तं पोरीच्या लग्नाचं समदं उमरेडहून आनलं."

"काहून वं?"

"मोबाइलवर आलतं ना, तुमी दुकान बंद करून राहिले म्हनून. मंग बंद पडत्या दुकानातून नवरीची हळद कोन नेईन?"

तिनं एक काडेपेटी घेतली आणि गेली.

"पाहिलं ताई?" दुकानवाली माझ्याकडे वळली. "या साली समद्यांनी असंच केलं. रोडवरच्या त्या मार्टवाल्याचं काम हाय हे. तळपट होवो मेल्याचं!"

खरं सांगते, चहाचे दोन-तीन घोट होईपर्यंत मी तो शाप त्या मार्टवाल्याच्याच माथी राहू दिला. आयुष्यात त्याला कधी पाहिलं नव्हतं. फ्रेम पिशवीत गुडघ्याला टोचत होती. मग कप खाली ठेवला.

"त्यानं नाही वं. मी लिहिलं ते."

तिला कळेना. मी फोन काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. सुनेच्या हातातला दोरा थांबला. बाई म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं. या खेपेला वाक्य मुळीच छान वाटलं नाही. आत्ता काढून टाकते, दुसरं लिहिते, दुकान जोरात चालू आहे म्हणून लिहिते, असं मी काहीबाही बोलत सुटले. ती ऐकत नव्हती. सुनेकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"ताई, डबे कवाचे ते इचारलं, तराजू कोनाचा ते इचारलं, माही सासू कशानं गेली तेही इचारलं तुमी. मी दुकान बंद करून राहिली का, एवढंच इचाराले तोंड दुखत होतं काय? ह्या पोरीचं चांगलं शिलाईचं काम सोडाले लावून मी तिले दुकानात बसवलं. आता तिले काय सांगू?"