हटून बसलेले दोन किलो

क्रेन चालवणाऱ्या बाईने सहा महिन्यांत नऊ किलो उतरवले, पण शेवटचे दोन ठाण मांडून बसले. साखर सोडली, जेवण निम्म्यावर आणलं, रोज धावली, तरी काटा ढिम्म. वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी मान हलवली.

"मर्यादा सत्तरची आहे, बाई. तुम्ही बहात्तर भरताय. परवाना अडकेल."

"मर्यादा कशासाठी आहे?"

"क्रेनची शिडी चढताना दम लागू नये म्हणून."

"मग चला, शिडीवरच बघू."

ऐंशी पायऱ्या न थांबता चढून तिने केबिनमधून खाली हाक मारली, "डॉक्टरसाहेब, नाडी मोजायला येताय ना?"

विसाव्या पायरीला घट्ट बिलगलेले डॉक्टर ओरडले, "तुम्हीच मोजा! सही करतो, पण आधी मला खाली उतरवा!"