पोटऱ्यांना सुतळी

२०२३ साल. मला एकाहत्तर चालू होतं. डायलिसिस लागून आठ महिने झाले होते. दिंडोरीहून नाशिकला आठवड्यातून तीनदा जायचं, मशीनला हात देऊन चार तास पडायचं. त्याचं मला काही वाटलं नाही. हाल होते ते रात्रीचे. आडवा झालो की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं. पाय हलवला की बरं, थांबवला की परत सुरू.

डॉक्टर विचारायचे, "झोप कशी?" मी म्हणायचो, "एक नंबर."

दिवाळीनंतर बायकोनं शेजारची गोधडी उचलून नातीच्या खोलीत नेली. म्हणाली, "पोरीची परीक्षा हाय, सोबत लागते." नात आजवर एकटीच झोपायची. या आजारानं माझ्या तोंडाला वास येतो, हे मला ठाऊक होतं. विचारायला मात्र गेलो नाही. घरात बोलणंच कमी केलं. रात्री फेऱ्या मारताना त्या खोलीच्या दाराशी थांबायचो, आतला श्वास ऐकायचो, परत फिरायचो. मग द्राक्षाच्या काड्या बांधायची सुतळी घेऊन दोन्ही पोटऱ्या करकचून आवळायचो. पहाटे कुठं जरा डोळा लागायचा.

एका गुरुवारी मशीनवरच झोप लागली. झोपेत अशी लाथ झाडली की चादर खाली पडली, हात हलला आणि मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. हात सरळ केला, तेवढ्यात तिला पोटऱ्यांवरचे वळ दिसले.

"बाबा, कुणी बांधून ठेवलं होतं का तुम्हाला?"

मी पाय जवळ ओढून घेतले. तिनं बाहेर बसलेल्या बायकोला आत बोलावलं. वळ बघून ती आधी रडवेली झाली, मग चिडली.

"झोपेत लाथा मारतात हे, सिस्टर. माझी मांडी काळीनिळी झाली, म्हणून अंथरूण हलवलं."

"मग सांगायचं ना मला!" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बागेतल्या शेडमधी जाऊन झोपला असता. तिथं काय झालं तर कुणाला कळणार? लय ओळखते मी तुम्हाला."

"वासामुळं नाय गेली?"

"तंबाखूचा वास चाळीस वर्षं सोसला. हा काय नवीन?"

त्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, डायलिसिसवाल्या पुष्कळांना होतं असं. रक्त तपासू, गोळी बघू, सुतळी मात्र बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध तापवत होती. मी नातीच्या खोलीतून गोधडी आणली आणि माझ्या अंथरुणाशेजारी घातली, पाय लांब करून बघून, लाथ पोचणार नाही एवढी जागा सोडून.