धाकटीची आई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल.

वर्षा माझी धाकटी जाऊ. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी प्रवास बंद केला, मग माहेरी जाणं राहिलं. इथंच, बेलापुरात. सासूबाई आधीच वारलेल्या. बाईमाणूस म्हणून घरात मीच. दिवसातून दहादा यायची — "ताई, आज हाललंच न्हाई वो." आणि मी काय म्हणायचे? "आमी न्हाई का पोरं काढली?"

खोटं कशाला बोलू — तिला जपलेलं मला बघवत नव्हतं. दीर तिचे पाय चेपायचा. मी आठव्या महिन्यात वावरात कांदे भरत होते, कोणी विचारलं?

सातव्या महिन्यात पुणतांब्याहून तिच्या आईचा मला फोन आला. भिडस्त बाई. "तुमाला अडचन नसंल तर महिनाभर तिच्यापाशी ऱ्हाते. लई घाबरती वो ती."

मी म्हणाले — कसं म्हणवलं? — "तुमी आल्या की ती जास्तच रडती. तिलाच नको हाय. पन तिच्याकडं इषय काढू नका."

आणि वर्षाला, भाकरी थापता थापता सांगितलं, "आई न्हाई येत तुझी. म्हनली, एवढं काय कौतिक."

ती उठून आत गेली. मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

त्यानंतर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आईचा फोन वाजत राहायचा. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, काचेच्या पेटीत राहिली. वाचली. ते माझ्यामुळं झालं का? माहीत नाही. पण ते पडून राहणं माझंच काम.

तिची आई बारशाला पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखी गेली. मायलेकी आजही तेवढंच बोलतात. "बरी हायेस?" "बरी हाय."

परवा वर्षा शेजारणीला सांगत होती, "आईनं पाठ फिरवली, पन ताईनं मला संबाळलं."

मी तिथंच उभी होते. हसले.