आवाजवाल्या सरांची कानमोजणी

आवाजवाले सर डोळे मिटून हजेरी घ्यायचे. आपण नुसतं "हजर सर" म्हणायचं आणि त्यांनी तेवढ्यावरून ओळखायचं, कोणाला सर्दी झालीय, कोण उपाशी आलंय, कोण दुसऱ्याची हजेरी लावतंय. झरी जामणीकडच्या आमच्या शाळेत ते पर्यावरण शिकवायचे, म्हणजे खेळच खेळवायचे. पुस्तक टेबलावर तसंच पडलेलं असायचं.

त्यांचा लाडका खेळ कानमोजणीचा. आठवीचे दोन गट करून सर आम्हाला शाळेमागच्या सागाच्या जंगलात न्यायचे. लांब सुतळी काखेत धरून ओळीत उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि जितके वेगळे आवाज ऐकू येतील तितकी बोटं उघडायची. एका बोटाला एक गुण. "डोळ्यानं जंगल दिसते बाप्पा," सर म्हणायचे, "पण त्याची तब्येत कानानंच समजते."

आम्ही कसले ऐकतो! मी तर पक्का लबाड. होला, सातभाई, टिटवी अशी पाखरांची यादी घरूनच पाठ करून यायचो आणि धडाधड बोटं उघडायचो. आमचा गट कायम जिंकायचा. दुसऱ्या गटात कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या जंगलातल्या वस्तीवरची, कमला होती. ती दोन ऐकले तर दोनच सांगायची. तिच्यापायी गट हरतो म्हणून पोरी तिच्यावर चिडायच्या.

थंडीचे दिवस होते, दुपार टळत आली होती. सरांनी "उघडा डोळे" म्हटलं. माझी सात बोटं वर. बाकीच्यांचीही पाच-सहा. कमलाची मूठ मात्र घट्ट मिटलेली.

"काहून वं, एकबी नाही?" सरांनी विचारलं.

"नाही सर," ती हळूच म्हणाली. "किडाबी नाही वाजून राह्यला."

आम्ही फिदीफिदी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आणि तेव्हा कुठे मीही पहिल्यांदा खरोखर ऐकलं. काहीच नव्हतं. मी आवंढा गिळला, तेवढाच आवाज झाला.

"आता नवा खेळ," सर मोठ्यानं म्हणाले. "सुतळी सोडायची नाही, पळायचं नाही. कमला पुढं. जोरजोरात पाढे म्हणत सडकेपर्यंत. थांबला तो बाद." मला त्यांनी ओळीतून काढून अगदी शेवटी, स्वतःजवळ घेतलं. ते उलटे चालत होते, तोंड झाडीकडे. माझं मनगट त्यांनी इतकं आवळलं होतं की हात काळानिळा झाला. बाराचा पाढा म्हणताना मात्र त्यांचा आवाज जराही कापला नाही.

सडकेवर आलो तेव्हा त्या थंडीतही त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आले. वाटेवरच्या धुळीत आमच्या चपलांच्या ठशांवर वाघाचे पंजे उमटले होते, थेट सडकेपर्यंत. आमच्यापैकी कोणीच त्याला पाहिलं नव्हतं.

गावात बोंबाबोंब झाली. "आमची पोरं वाघाले चारता का?" पालक ओरडले. "चूक माहीच," सर म्हणाले. जंगल बंद, खेळ बंद. वर्ष संपताच त्यांची बदली झाली.

निरोपाच्या दिवशी मी सरांना एकटं गाठलं. धीर करून म्हणालो, "सर, त्या दिवशी म्या एकबी आवाज ऐकला नव्हता."

"मले मालूम होतं," सर म्हणाले. "म्हणून तर तुले जवळ धरलं. तो आला असता तर कमलाले समजलं असतं. तुले समजलं नसतं."